दोन चिन्श, एक करार: पोलंडमधल्या भाडेकराराचं इंग्रजी करताना

पोलंडमध्ये घर भाड्याने घेणाऱ्या आणि त्या कराराचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या किंवा करून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. पोलिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. मूळ करारात ते शोधताना एक लक्षात ठेवा: 'एल'वर तिरपी रेघ असलेल्या पोलिश अक्षराचा उच्चार 'व'च्या जवळ जातो. म्हणून कागदावर 'एल' दिसेल तिथे आमच्याकडे 'ओप्वाती' (शुल्कं), 'झ्वोती' (पोलंडचं चलन) असा 'व' सापडेल.

प्रश्न: माझ्या करारात 'चिन्श' हा शब्द दोनदा येतो. कलम ४ मध्ये २,८०० झ्वोती, आणि कलम ५ मध्ये 'चिन्श अदमिनिस्त्रात्सिय्नी' म्हणून ६४० झ्वोती. भाषांतरात दोन्हीकडे 'रेंट' आलं आहे. कंपनी फक्त घरभाड्याची भरपाई देते आणि नक्की भाडं किती ते विचारते आहे. (एक वाचक, व्रोत्सवाफ)

कलम ४ मधलं 'रेंट' बरोबर, कलम ५ मधलं चूक. तुमचं भाडं २,८०० झ्वोती.

पोलिश दिवाणी संहितेच्या कलम ६५९ नुसार जागा वापरण्याच्या बदल्यात भाडेकरू मालकाला जे देतो तो चिन्श. बोलण्यात मात्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडे दरमहा भरायच्या पैशालाही लोक सर्रास चिन्शच म्हणतात. स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूससुद्धा 'या महिन्याचा चिन्श भरला' असं म्हणतो. तो भाडं कोणालाच देत नाही. आपण ज्याला सोसायटीचा मेंटेनन्स म्हणतो ते त्याने भरलेलं असतं. जाहिरातींमध्ये हा घोळ आणखी वाढतो: '२,८०० अधिक चिन्श ६४० अधिक मेद्या' अशा ओळीत मेद्या म्हणजे वीज-पाण्याचा खर्च आणि चिन्श म्हणजे इमारतीचा खर्च, भाडं नव्हेच!

इंग्रजीत कलम ४ साठी 'रेंट' ठेवा. कलम ५ साठी, वाचणारा ब्रिटिश इंग्रजीचा असेल तर 'बिल्डिंग सर्व्हिस चार्ज', अमेरिकी असेल तर 'बिल्डिंग मेंटेनन्स फी'. अमेरिकी 'एचओए (होमओनर्स असोसिएशन) फी' हा शब्द पटकन समजतो, पण तो तिथल्या एका विशिष्ट प्रकारच्या संस्थेला चिकटलेला आहे. करारात तो टाळलेला बरा. पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा करा की ही रक्कम इमारतीच्या 'फ्स्पुल्नोता'ला म्हणजे फ्लॅटमालकांच्या समूहाला, किंवा 'स्पुव्जेल्न्या'ला म्हणजे सहकारी गृहसंस्थेला जाते. नंतर शेवटपर्यंत तोच शब्द वापरा. एका पानावर 'सर्व्हिस चार्ज' आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रेंट' असं झालं की वाचणाऱ्याला दोन वेगळे खर्च वाटतात.

दोन्ही आकडे मिळवून '३,४४० टोटल रेंट' लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. अनामत रक्कम चिन्शच्या पटीत मोजली जाते. दरवर्षीची वाढ बहुतेक करारांत फक्त चिन्शला लागू असते. शिवाय मालकाचा करही त्यात गुंतलेला आहे: २०२३ पासून खासगी भाड्यावर एकूण उत्पन्नाच्या टक्केवारीनेच कर लागतो, वर्षाला १,००,००० झ्वोतीपर्यंत ८.५ टक्के आणि त्यावर १२.५ टक्के. इमारतीचे आणि वीज-पाण्याचे पैसे भाडेकरूने सोसायचे असं करारात स्पष्ट असेल तर ते मालकाचं उत्पन्न धरलं जात नाही. म्हणून पोलिश करारात या रकमा मुद्दाम वेगळ्या लिहिलेल्या असतात. भाषांतराने त्या एकत्र केल्या तर ज्या कारणासाठी कलम लिहिलं तेच पुसलं जातं.

मूळ करारच ढिसाळ असेल, नुसताच 'चिन्श' दोनदा असेल, तर शब्दाकडे बघू नका. पैसे शेवटी कोणाच्या खात्यात राहतात, वर्षाअखेर त्यांचा हिशेब होतो का, आणि रक्कम बदलण्याचा अधिकार कोणाचा, एवढं करारातच शोधा. मालकाकडे राहणारी, हिशेब न होणारी रक्कम म्हणजे भाडं. इमारतीने दर बदलले की बदलणारी रक्कम म्हणजे सर्व्हिस चार्ज.

प्रश्न: जाहिरातीत 'ओत्स्तेंप्ने २,५०० झ्वोती' आहे. यंत्राच्या भाषांतरात 'कॉम्पेन्सेशन' आलं. ही एकदाच द्यायची रक्कम आहे का?

नाही, हे तुमचं महिन्याचं भाडं. चिन्श शब्द इमारतीच्या खर्चासाठी वापरून झाल्यावर मालकाच्या वाट्याला काय म्हणायचं, म्हणून बाजाराने हा शब्द उचलला. शब्दकोशातला अर्थ वेगळा आहे. दिवाणी संहितेच्या कलम ३९६ मध्ये ओत्स्तेंप्ने म्हणजे करारातून अंग काढून घेण्यासाठी मोजायची रक्कम. जागेवरचा हक्क सोडण्यासाठी घेतलेले पैसे असाही त्याचा जुना वापर आहे. आपल्या पागडीच्या अंगाने जाणारा.

जाहिरातीचं भाषांतर असेल तर 'मंथली रेंट, पेएबल टू द ओनर' लिहून मोकळे व्हा. करारात हा शब्द आला तर थांबून ते कलम पूर्ण वाचा. 'दरमहा' असेल तर भाडं. मुदतीआधी करार सोडण्याबद्दल असेल तर कायद्यातला अर्थ, आणि तिथे 'विड्रॉवल पेमेंट' योग्य ठरेल. भाडेकरू असाल तर सही करण्याआधी मालकाला सांगा की करारात ओत्स्तेंप्नेऐवजी 'चिन्श नाय्मू', म्हणजे सरळ भाडं, असं लिहावं.

प्रश्न: मालकाने इमारतीकडून आलेला मासिक खर्चाचा तक्ता कराराला जोडला आहे. त्यात दहा-बारा ओळी, बऱ्याच संक्षेपांत. गरम पाणी दोनदा लावलेलं दिसतं. भाषांतर कसं करावं आणि तक्ता बरोबर आहे का? (वॉर्सा)

गरम पाणी बहुधा दोनदा लावलेलं नाही. एका ओळीत पाण्याचं आकारमान असतं, घनमीटरमध्ये, थंड पाण्याच्याच दराने. दुसरी ओळ 'पोद्ग्झान्ये वोदी' असते, म्हणजे तेच पाणी तापवण्याचा खर्च. सांडपाण्याच्या ओळीत, म्हणजे 'श्च्येकी'समोर, थंड आणि गरम दोन्ही मीटरच्या घनमीटरची बेरीज येते. थंड पाणी ३ आणि गरम पाणी २ घनमीटर असेल तर सांडपाणी ५. हे न कळल्यामुळे भाषांतरकार 'पोद्ग्झान्ये'चं 'हॉट वॉटर' करून टाकतो आणि मग ओळ खरंच दोनदा आल्यासारखी दिसते. तिथे 'वॉटर हीटिंग' लिहा.

संक्षेप असे: 'झेट-वू' थंड पाणी, 'त्से-वू-ऊ' नळाला येणारं गरम पाणी, 'त्से-ओ' म्हणजे केंद्रीय तापन, ज्याला इंग्रजीत 'सेंट्रल हीटिंग'. तापनाच्या दोन ओळी असू शकतात. 'स्तावा' म्हणजे स्थिर आकार, फ्लॅटच्या चौरस मीटरवर, उन्हाळ्यातही चालू. 'झ्म्येन्ना' म्हणजे वापराप्रमाणे बदलणारा, गिगाजूलवर (उष्णता मोजण्याचं एकक) किंवा रेडिएटरवरच्या यंत्राच्या आकड्यावर. पहिल्यासाठी 'फिक्स्ड चार्ज', दुसऱ्यासाठी 'कन्झम्प्शन चार्ज'. 'चेंजेबल' नको.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द 'एक्स्प्लोआतात्स्या'. त्याचं 'एक्स्प्लॉयटेशन' केलं की इंग्रजी वाचकाला शोषणाचा वास येतो. हा सफाई, जिन्यातली वीज, लिफ्ट, प्रशासन यांचा रोजचा खर्च. 'ऑपरेटिंग कॉस्ट्स' किंवा 'रनिंग कॉस्ट्स' लिहा. त्याच कुळातले आणखी दोन: 'लोकाल' म्हणजे स्थानिक नव्हे, तर जागा किंवा फ्लॅट, आणि 'मेद्या' म्हणजे वीज, गॅस, पाणी, तापन. 'मीडिया चार्जेस' वाचून टीव्हीची वर्गणी समजणारे कमी नाहीत. 'युटिलिटीज' लिहा.

'फुंदुश रेमोंतोवी' हा मोठ्या दुरुस्त्यांचा निधी. 'रिपेअर फंड' किंवा 'रिझर्व्ह फंड' चालेल. आपल्याकडच्या सोसायटीच्या पावतीवरचा 'सिंकिंग फंड' आठवेल. ब्रिटिश वाचकासाठी तोही जवळचा आहे, पण तिथे तो सहसा ठरावीक मोठ्या कामासाठी साचवला जातो, म्हणून 'रिपेअर फंड' सुरक्षित. हा पैसा इमारतीत राहतो. भाडेकरू घर सोडताना परत मिळत नाही, म्हणून याचं 'डिपॉझिट' कधीही करू नका.

कचऱ्याची ओळ बोलण्यात 'श्म्येची', कागदावर लांबलचक. ती १९९६ च्या स्वच्छताविषयक कायद्यानुसार असते आणि आकारणीची पद्धत गावागणिक बदलते: राहणाऱ्या माणसांच्या संख्येवर, पाण्याच्या वापरावर, क्षेत्रफळावर किंवा कुटुंबामागे ठोक. 'ओद ओसोबी' लिहिलं असेल तर ते दरमाणशी. इथे 'पर रजिस्टर्ड पर्सन' लिहिण्याची चूक होते. मोजणी प्रत्यक्ष राहणाऱ्यांची असते, पत्ता नोंदवलेल्यांची नाही. तुम्ही नोंदणी केली नसली तरी राहता म्हणून पैसे लागतात. 'पर ऑक्युपंट' लिहा.

तक्ता बरोबर आहे का हे ताडायला एकके बघा: चौरस मीटर, घनमीटर, गिगाजूल, माणूस. प्रत्येक ओळीत दर गुणिले एकक बरोबर रक्कम यायला हवी. भाषांतरात एककांचा स्तंभ गाळला तर ही पडताळणीच बंद होते. आमच्या मते भाषांतरकाराने तक्त्यातलं एखादं वर्णन ढोबळ केलं तर एकवेळ चालेल. एकक गाळणं मुळीच नाही.

प्रश्न: करारात वीज-पाण्यासाठी 'झालिच्का' आणि इंटरनेटसाठी 'रिचाउत' आहे. दोन्हीचं 'फिक्स्ड अ‍ॅडव्हान्स' असं भाषांतर मिळालं. आता वर्षाअखेर तापनाचे आणखी ३८५ झ्वोती मागितले आहेत. 'फिक्स्ड' असताना हे कसं? (क्राकूव्ह)

भाषांतर चुकलं आणि मागणी बहुधा बरोबर आहे. झालिच्का म्हणजे हिशेबापोटी आगाऊ दिलेली रक्कम. दरमहा १८० झ्वोती भरले तर बारा महिन्यांत २,१६० होतात. प्रत्यक्ष खर्च २,५४५ निघाला तर ३८५ कमी पडले. खर्च कमी निघाला असता तर फरक तुम्हाला मिळाला असता. रिचाउत म्हणजे ठोक रक्कम: जास्त वापरा, कमी वापरा, पुढे हिशेब नाही. मालकाला तोटा झाला तर तो त्याचा, फायदा झाला तर तोही त्याचाच.

झालिच्कासाठी 'अ‍ॅडव्हान्स पेमेंट टुवर्ड्स' आणि पुढे खर्चाचं नाव. नुसतं 'डिपॉझिट' नको, ते अनामतीत मिसळतं. रिचाउतसाठी 'लम्प सम' शब्दकोशात पहिला सापडतो, पण तो एकदाच द्यायच्या रकमेचा भास देतो. 'फ्लॅट मंथली चार्ज, नॉट सब्जेक्ट टू रेकन्सिलिएशन' हे लांब आहे आणि निःसंदिग्ध आहे. लांबी परवडते.

वर्षाअखेरचा हिशेब म्हणजे 'रोझ्लिचेन्ये'. इंग्रजीत 'सेटलमेंट' लिहिलं तर तडजोडीचा अर्थ डोकावतो. 'रेकन्सिलिएशन' जास्त नेमकं. त्यातून 'नात्प्वाता' म्हणजे जास्त भरलेलं किंवा 'न्येदोप्वाता' म्हणजे कमी पडलेलं निघतं. 'न्येदोप्वाता'ला 'अरिअर्स' लिहिणं अन्यायाचं आहे. तुम्ही दर महिन्याचे पैसे वेळेवर भरलेत, अंदाज कमी पडला, एवढंच. 'अरिअर्स' म्हणजे थकबाकी, तिचा पोलिश शब्द 'झालेग्वोश्च' वेगळा आहे. पुढच्या घरमालकाने हे भाषांतर वाचलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता. 'बॅलन्स ड्यू' किंवा 'अंडरपेमेंट' लिहा.

आता पैशांकडे. तुम्ही पूर्ण वर्ष राहिला नसाल तर मालकाने रक्कम कशी वाटली ते विचारा. वर्षाचा खर्च भागिले बारा ही पद्धत तापनाला लावली की गणित बिघडतं, कारण खर्च थंडीच्या महिन्यांत साचतो. एप्रिल ते ऑक्टोबर राहणारा भाडेकरू मग दुसऱ्याच्या जानेवारीचे पैसे भरतो. यावर उपाय एकच: घर घेताना आणि सोडताना मीटरचे आकडे हस्तांतराच्या नोंदपत्रात, म्हणजे 'प्रोतोकूव ज्दाव्चो-ओद्ब्योर्ची'त, लिहून दोघांच्या सह्या घेणं. त्यात पाण्याचे दोन्ही मीटर, वीज, गॅस, आणि प्रत्येक रेडिएटरवरचा 'पोजेल्निक' आला पाहिजे. पोजेल्निक हा मीटर नाही. तो एका रेडिएटरने दुसऱ्याच्या तुलनेत किती उष्णता दिली हे सांगणारा आकडा दाखवतो आणि त्या आकड्याला एकक नसतं. तो इंग्रजीत 'हीट कॉस्ट अलोकेटर'. भाषांतरात त्याच्यापुढे 'किलोवॅट-तास' चिकटवलेलं दिसलं तर ओळ परत पाठवा.

आणखी एक अडचण तारखांची. अनामत घर रिकामं केल्यापासून महिन्याभरात परत करायची असते, तर इमारतीचा हिशेब काही महिन्यांनी येऊ शकतो. म्हणून पुष्कळ करारांत 'करार संपल्यानंतरही फरक भरावा लागेल' अशी ओळ असते. ती भाषांतरात गळू देऊ नका. आणि जास्त भरलेले पैसे परत देण्याबद्दल तशीच ओळ नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.

प्रश्न: 'ओप्वाती न्येझालेझ्ने ओद व्वाश्चिचेला' याचं 'ओनर्स इंडिपेंडंट फीज' असं भाषांतर पाहिलं. याचा अर्थ मालक स्वतंत्रपणे लावेल ती फी, असा होतो का?

अगदी उलट. हे मालकाच्या हातात नसलेले खर्च. भाडेकरूंच्या संरक्षणाचा २१ जून २००१ चा कायदा त्यांची यादीच देतो: जागेला होणारा ऊर्जा, गॅस आणि पाण्याचा पुरवठा, आणि सांडपाणी, कचरा व द्रवरूप मैला यांची उचल. या यादीत भर घालता येत नाही. व्यवस्थापन, लिफ्ट, दुरुस्ती निधी, मालमत्ता कर यांपैकी काहीही त्यात बसत नाही.

याला महत्त्व का, तर कायद्याचं कलम ९ म्हणतं की भाडेकरारात चिन्शव्यतिरिक्त मालक फक्त हेच खर्च वसूल करू शकतो, तेही भाडेकरूने पुरवठादाराशी थेट करार केलेला नसेल तेव्हाच. विजेचा मीटर तुमच्या नावावर केला असेल तर मालक विजेचे पैसे घेऊ शकत नाही. 'नायेम ओकाझ्योनाल्नी' या प्रकारच्या करारात, म्हणजे जिथे भाडेकरूला घर खाली करण्याबाबत नोटरीसमोर लेखी कबुली द्यावी लागते, कलम १९क थोडी सूट देतं: करारात वेगळं ठरलं असेल तर इतर खर्चही लावता येतात. (मूळ कायद्यात हे '१९'ला जोडून लॅटिन 'सी' अक्षर असं छापलेलं सापडेल.)

म्हणून भाषांतरात कराराचा प्रकार शीर्षकात स्पष्ट हवा. 'ओकाझ्योनाल्नी'चं 'ऑकेजनल' केलं तर वाचणाऱ्याला सुट्टीपुरतं घेतलेलं घर वाटतं, आणि हा करार तर दहा वर्षांपर्यंतचा असू शकतो. पोलिश नाव तसंच ठेवून पुढे एक ओळीचा खुलासा द्यावा. खर्चाच्या कलमासाठी 'चार्जेस बियॉन्ड द लँडलॉर्ड्स कंट्रोल' लिहा आणि कायद्यातली यादी तिथेच उतरवा. मालकाने साध्या करारात दुरुस्ती निधी 'मेद्या'च्या कलमात कोंबला असेल तर भाषांतरकाराने त्याला 'युटिलिटीज'च्या पांघरुणाखाली झाकू नये. 'रिपेअर फंड' असं नाव घेऊन लिहावं. ते कलम टिकेल की नाही हे ठरवणं वकिलाचं काम, पण वकिलाला ते दिसलं तर पाहिजे!

प्रश्न: 'पोदातेक ओद न्येरुखोमोश्ची'ला 'काउन्सिल टॅक्स' आणि 'उझित्कोवान्ये व्येचिस्ते'ला 'ग्राउंड रेंट' म्हणता येईल का? ब्रिटिश ग्राहकासाठी भाषांतर करते आहे.

दोन्ही नको. ब्रिटनमधला काउन्सिल टॅक्स साधारणपणे घरात राहणारा भरतो. पोलंडमधला मालमत्ता कर मालकाचा, आणि घरांसाठी तो क्षेत्रफळावर लागतो. २०२५ साठी राहत्या जागेचा कमाल दर वर्षाला चौरस मीटरमागे १.१९ झ्वोती होता. म्हणजे ५० चौरस मीटरच्या फ्लॅटला वर्षाचे जास्तीत जास्त ५९.५० झ्वोती, जमिनीचा वाटा वेगळा. 'काउन्सिल टॅक्स' वाचून ब्रिटिश ग्राहक घाबरेल तरी किंवा आकडा छापताना चुकला असं समजेल तरी. 'प्रॉपर्टी टॅक्स' पुरे.

उझित्कोवान्ये व्येचिस्ते हा सरकारी किंवा नगरपालिकेच्या जमिनीवरचा दीर्घ मुदतीचा हक्क; रूढ इंग्रजी 'पर्पेच्युअल युझुफ्रक्ट'. त्याचं वार्षिक शुल्क ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. १ जानेवारी २०१९ ला राहत्या इमारतींखालच्या जमिनींवरचा हा हक्क कायद्याने मालकीत बदलला आणि त्याबदल्यात साधारणतः २० वर्षं भरायचं रूपांतर शुल्क आलं. त्यामुळे करारात आजही 'व्येचिस्ते' दिसलं तर तो जुन्या नमुन्यावरून उतरवलेला मजकूर असू शकतो. भाषांतर करायचं ते लिहिलंय तसंच, पण ग्राहकाला वेगळ्या टिपेत कळवा.

प्रश्न: 'काउत्स्या', 'झादातेक', 'झालिच्का' या तिन्हीला 'डिपॉझिट' चालेल ना?

फक्त पहिल्याला. काउत्स्या म्हणजे अनामत, 'सिक्युरिटी डिपॉझिट'. कायद्याने साध्या करारात ती मासिक चिन्शच्या बारा पटींपेक्षा आणि नायेम ओकाझ्योनाल्नीमध्ये सहा पटींपेक्षा जास्त नसावी.

झादातेक म्हणजे विसार, आणि मराठी वाचकाला हे समजायला अडचण नाही. दिवाणी संहितेच्या कलम ३९४ नुसार, वेगळं ठरलं नसेल तर, देणाऱ्याने करार मोडला की विसार बुडतो. घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत मागता येतो. इंग्रजीत 'अर्नेस्ट मनी'. झालिच्कावर असा दंड नाही, करार झाला नाही तर ती परत मिळते. घर राखून ठेवायला १,००० झ्वोती देताना पावतीवर यांपैकी कोणता शब्द आहे ते बघा. 'डिपॉझिट' या एका शब्दाने हा सगळा फरक गिळला जातो.

प्रश्न: 'विनाय्मुयोंत्सी' आणि 'नायेम्त्सा' यांत मालक कोण?

विनाय्मुयोंत्सी मालक, नायेम्त्सा भाडेकरू. ज्या क्रियापदापासून पहिला शब्द आला ते बोलण्यात 'भाड्याने देणे' आणि 'भाड्याने घेणे' दोन्हींसाठी चालतं, त्यामुळे यंत्राची भाषांतरं मधूनच बाजू बदलतात. काम झाल्यावर पैसे देण्याच्या प्रत्येक कलमात कोण कोणाला देतं ते एकदा पुन्हा वाचा. इंग्रजीतही 'लेसर' आणि 'लेसी'पेक्षा 'लँडलॉर्ड' आणि 'टेनंट' वापरा. पहिल्या जोडीत डोळा सहज घसरतो.

प्रश्न: आकडे आणि तारखा लिहिताना काय सांभाळावं?

पोलिश पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी मोकळी जागा असते. '२ ८००,००' इंग्रजीत '२,८००.००' होतं, आणि दर '३,४५' असेल तर '३.४५'. नजरचुकीने तसंच राहिलेलं '३,४५' कोणीतरी तीनशे पंचेचाळीस वाचतो. हजारांची मोकळी जागा ओळीच्या शेवटी तुटते आणि २ एका ओळीत, ८०० दुसऱ्या ओळीत जातं, तेही तपासा. 'स्वोव्न्ये'नंतर रक्कम अक्षरी असते. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नसेल तर दुरुस्त करू नका. दोन्ही जशीच्या तशी उतरवा आणि विसंगतीची टीप द्या.

'झ गूरी' म्हणजे शब्दशः वरून, अर्थ 'आगाऊ'. 'झ दोवू' म्हणजे खालून, अर्थ 'महिना संपल्यावर', आणि त्याला इंग्रजीत नेमकं 'इन अरिअर्स' म्हणतात. वर आम्ही ज्या शब्दावर आक्षेप घेतला तोच इथे योग्य आहे, इंग्रजीची खोड! दहा तारखेपर्यंत भरायचं असेल तर 'बाय द टेन्थ'पेक्षा 'ऑन ऑर बिफोर द टेन्थ' लिहा, म्हणजे दहा तारीख धरली की नाही हा वाद उरत नाही. पैसे पाठवल्याचा दिवस मोजायचा की मालकाच्या खात्यात जमा झाल्याचा, हेही करारात असतं. 'जमा' असेल तर 'क्रेडिटेड' हा शब्द भाषांतरात आलाच पाहिजे. आठवड्याच्या सुट्टीला दोन दिवस पैसे अडकले तर व्याज त्या शब्दावर ठरतं.

प्रश्न: शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यायलाच हवं का?

फक्त समजून घेण्यासाठी असेल तर नाही. न्यायालय किंवा सरकारी कार्यालयात द्यायचं असेल तर 'त्वुमाच प्शिशेंग्वी'चं, म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर लागू शकतं. त्यांची यादी पोलंडच्या न्याय मंत्रालयाकडे असते. हिशेबाचं पान १,१२५ अक्षरांचं, मोकळ्या जागा धरून, आणि सुरू झालेलं पान पूर्ण मोजण्याची रीत आहे. त्यामुळे कराराची छापील चार पानं हिशेबात त्याहून बरीच जास्त भरतात. किंमत आधी विचारा, आणि खर्चाचा तक्ता जोडायचा की नाही तेही आधीच ठरवा. शपथबद्ध भाषांतरकार मूळ मजकुरातली चूक सुधारून देणार नाही. दोन चिन्शचा गोंधळ मुळात असेल तर तो शिक्क्यासह इंग्रजीत येईल.

दोन भाषांत शेजारीशेजारी छापलेला करार असेल तर मतभेद झाल्यास कोणती भाषा ग्राह्य, ही ओळ आहे का ते बघा.

प्रश्न: बँकेतून पैसे पाठवताना शीर्षकात, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणाऱ्या ओळीत, काय लिहावं? मी दरमहा '३,४४० रेंट' असं एकत्र पाठवतो. (पहिल्याच वाचकाचा पुरवणी प्रश्न)

दोन वेगळे व्यवहार करा. पहिल्याच्या शीर्षकात 'चिन्श नाय्मू', महिना आणि वर्ष. दुसऱ्यात 'ओप्वाती एक्स्प्लोआतात्सिय्ने', महिना आणि वर्ष. पोलिशमध्येच लिहा, कारण वाद झालाच तर हेच कागद पुढे येतात. दिवाणी संहितेच्या कलम ४५१ नुसार एकाच व्यक्तीला अनेक देणी असतील तर कोणतं फेडतोय हे सांगण्याचा हक्क देणाऱ्याला असतो. तो हक्क वापरायची सोपी जागा म्हणजे हे शीर्षक. कंपनीकडे भरपाई मागताना फक्त पहिला व्यवहार आणि कलम ४ चं भाषांतर जोडा.